हंगाम चार महिन्यांचा, गट बारा महिन्यांचा

मी बर्फ पाहिला आहे तो हर्णै बंदरावर, मासळीच्या टोपल्यांत. त्यामुळे बर्फावरून धावणाऱ्या गाडीविषयी माझं ज्ञान शून्य. पण परवा ओंटारिओहून तुझा फोन आला, "आजोबा, इथल्या मराठी मंडळींचा स्नोमोबाईलचा एक गट काढायचाय. माणसं जमवायची कशी आणि जमलेली टिकवायची कशी?" गाडीचं तुझं तू बघ. माणसं जमवण्याचं मात्र आमच्या कोकणातल्या आंजर्ल्याला थोडंफार कळतं. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं घाट उतरून इथे येतात, आमच्या घरांत राहतात, केळीच्या पानावर जेवतात आणि पुढच्या वर्षी आणखी चौघांना घेऊन येतात. हे आपोआप झालेलं नाही.

तुझं आणि आमचं दुखणंही एकच आहे. हंगाम आखूड, तो निसर्गाच्या मर्जीवर, आणि ज्या जमिनीवर सगळा खेळ ती आपल्या मालकीची नाही. म्हणून फोनवर अर्धवट राहिलेलं इथे सविस्तर लिहितो.

आधीपासून काय चाललंय ते बघ

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची मंडळी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आली, ती पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या मागावर. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कासवं येतात, अंडी घालून जातात, आणि पुढे ती अंडी कधी माणसं उकरतात तर कधी कुत्री-कोल्हे. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळासच्या गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. ज्यांना अंडी कुठे असतात हे नेमकं ठाऊक होतं, त्या गावच्याच माणसांशिवाय हे काम होणं शक्य नव्हतं. कासव महोत्सव त्यानंतर काही वर्षांनी आला. वेळासचं पाहून आंजर्ल्यासारखी इतर गावं पुढे झाली.

क्रम लक्षात घे. आधी काम, मग माणसं, मग महोत्सव. आपल्याकडे हौशी माणसं उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी नाव, मग बोधचिन्ह, मग छापील टी-शर्ट, आणि मग विचारतात, आता करायचं काय?

तुमच्या ओंटारिओत गावोगाव स्नोमोबाईलचे क्लब आहेत, त्यांचा महासंघ आहे. स्वयंसेवक वाटेवरची झुडपं तोडतात, खुणेचे फलक लावतात, बर्फ सपाट करणारं अवजड यंत्र रात्री-अपरात्री फिरवतात. तुम्ही परमिटचे पैसे भरता, त्यातून हा खर्च निघतो. त्या लोकांच्या हाताखाली एक हंगाम काढ. वाट कशी तयार होते हे ज्याला माहीत नाही, त्याने त्या वाटेवर दुसऱ्यांना नेऊ नये.

पहिली पाच माणसं कामावरून निवड

गाडी आहे म्हणून माणूस घेऊ नकोस, त्याला येतं काय ते विचार. एकाला इंजिन उघडता यावं. एकाला प्रथमोपचार यावेत. एक हिशेबाचा पक्का हवा. एकाला नकाशा आणि हवामान कळावं. आणि पाचवा माणूस असा हवा, ज्याच्या घरी दहा जण अचानक आले तरी कपाळाला आठी पडत नाही. हा पाचवा सगळ्यांत दुर्मीळ. पाहुण्यांना पिल्लं पाच-दहा मिनिटं दिसतात. उरलेला वेळ ते कुणाच्या तरी पडवीत असतात, आणि पुन्हा यायचं की नाही हे त्या पडवीत ठरतं.

स्वतःची जाहिरात करणारा, नवी गाडी घेतली म्हणून गटात आलेला माणूस पहिल्या पाचांत नको. पंचविसांत चालेल.

जमीनमालकाला आधी नमस्कार

इथे किनारा सगळ्यांचा, म्हणून तो आपल्या एकट्याचाच असल्यासारखं लोक वागतात. अलीकडे जीपवाल्यांना वाळूत गाडी घालायची हौस आली आहे. भरतीची वेळ ठाऊक नसते. चाकं रुततात, मग ट्रॅक्टर कुणाकडे मिळेल म्हणून गावभर फिरतात. ते एक वेळ सोड. पण चाकाची चाकोरी उकिडवं बसून कधी बघ. चार बोटं खोल, दोन्ही कडा उभ्या. कासवाचं पिल्लू जेमतेम दोन इंचांचं. नजरेतून सुटलेल्या घरट्यातून ते निघालं आणि त्या चाकोरीत पडलं, तर त्याला कड चढता येत नाही. परत परत वल्ह्यासारखे पाय मारतं, वाळू ढासळते, ते मागे घसरतं. शेवटी चाकोरीतूनच चालत राहतं. समुद्र उजव्या हाताला आणि ते चाललेलं सरळ. वर कावळे-घारी असतात आणि ऊन तापत असतं. गाडीवाला तोवर हॉटेलात नाश्ता करत असतो. आपण काय केलं हे त्याला कधीच कळत नाही.

तुमच्याकडची वाटही पुष्कळदा शेतकऱ्याच्या शेतातून जाते. त्याने भलेपणाने दिलेली असते. बर्फाखाली काही शेतांत हिवाळी गहू पेरलेला असतो. खुणा सोडून कुणी आडवी गाडी घातली की बर्फ दाबला जातो आणि खालचं पीक मार खातं. शेतकरी चिडला की वाट बंद, आणि मधल्या एका शेताची वाट बंद झाली की पुढचा सगळा मार्ग तुटतो. नुकसान एकाने करायचं, भोगायचं पंचक्रोशीने.

म्हणून हंगामाआधी त्या शेतकऱ्यांकडे जा. हात हलवत जाऊ नकोस, चिवडा-लाडू घेऊन जा. हंगाम संपल्यावर पुन्हा जा आणि काही नुकसान झालं का ते विचार. झालं असेल तर गटाच्या पैशातून भरून दे. गटाचा पहिला नियम हाच ठेव, खुणेबाहेर गाडी घातली तर गटाबाहेर. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला नारळ. माणूस कितीही जवळचा असो.

निसर्गाच्या वतीने शब्द देऊ नकोस

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर चढते, वाळूत दीड-दोन फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. घरटी राखणारे गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून तिचा माग काढतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत आणून तेवढ्याच खोलीवर पुरतात, घरट्यावर टोपली झाकतात आणि तारखेची पाटी लावतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. हे 'पन्नासेक' फार महत्त्वाचं. वाळू गार असेल तर दिवस वाढतात, तापली असेल तर कमी होतात.

पाहुणे विचारतात, "उद्या सकाळी नक्की दिसतील ना?" इथे जो 'नक्की' म्हणाला तो बुडाला. टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू निघाली, की रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही. म्हणून आम्ही सांगतो, घरट्याचे दिवस भरलेत, पुढचं कासवाच्या मनावर. आणि दुसऱ्या गोष्टींची तयारी ठेवतो. कड्यावरच्या गणपतीला जा, तिथून समुद्र आणि सुवर्णदुर्ग बघा, वाटेत गणपतीचं पाऊल बघा. देव किनारा सोडून डोंगरावर गेला तेव्हा त्याने टाकलेलं ते पाऊल, असं गावात सांगतात. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघा. घरी उकडीचे मोदक आहेत.

तुमच्याकडेही पूर्वीसारखा भरवशाचा बर्फ राहिलेला नाही असं तूच म्हणतोस. तेव्हा 'जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी राईड' असं ठरवताना त्याच शनिवारचा दुसरा बेतही ठरव. बर्फ नसेल तर कुणाच्या गॅरेजात पट्टा कसा बदलायचा ते शिका, बर्फात अडकलेली गाडी पाठ न मोडता कशी काढायची त्याची रंगीत तालीम करा, नंतर मिसळ खा. बेत रद्द झाला असं कधी कळवू नकोस, बेत बदलला असं कळव. सलग तीनदा 'रद्द' वाचलेला माणूस चौथ्यांदा निरोप उघडत नाही.

नवख्याच्या बाजूने उभा राहा

पिल्लं सोडताना वाळूवर दोरी बांधतात आणि लोकांना तिच्या मागे उभं करतात. उंच माणसं पुढे घुसतात, पोरं मागे राहतात. मग कासवमित्र ओरडतो, "लहान मुलं पुढे, बाकीचे खाली बसा." एवढ्या एका वाक्याने सगळ्यांना दिसतं. गटात हे वाक्य म्हणणारा कुणीतरी सतत हवा.

नवा माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला गाडीची भीती कमी आणि लोक हसतील याची भीती जास्त असते. त्याला पहिल्या दिवसासाठी एक सोबती नेमून दे. हेल्मेट, जाड हातमोजे आणि बूट यांचे दोन-तीन जास्तीचे संच गटाच्या मालकीचे ठेव. पहिल्या वेळी कुणी हजारो डॉलर घालणार नाही. पुढच्या गाडीने वेग मागच्यात मागच्या माणसाचा ठेवायचा. तुमच्या पुण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये लीड आणि बॅकलीड असत, तसेच इथेही नेम. बॅकलीडला सगळ्यांत अनुभवी माणूस ठेव. हौशी माणसं नेमकी उलट करतात. सगळ्यांत चांगला गडी पुढे पळतो आणि मागे पडलेल्याला कुणी वाली नसतो.

बायकांना चहा-पोह्यांच्या खात्यात ढकलू नकोस. तुझ्या आजीने कासवांचे पाहुणे उतरवायला सुरुवात केली तेव्हा मी 'बघू' म्हणत होतो, आणि कुठल्या खोलीचे किती घ्यायचे हे तिने ठरवूनही टाकलं होतं. तुझी बायको तुझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते असं ऐकतो. तिला लीड दे.

गट मराठी मंडळींचा असला तरी दार सगळ्यांना उघडं ठेव. शेजारचा गोरा म्हातारा चाळीस हिवाळे त्या तळ्यावर हिंडलाय. पुरणपोळी त्यालाही आवडेल, आणि बर्फ कुठे कच्चा आहे ते तोच सांगू शकेल.

जिवाशी खेळ नाही

इथे खवळलेल्या समुद्रात पाहुणा उतरू लागला तर आम्ही आर्जव करत नाही, दंड धरून मागे ओढतो. तूही तसाच कठोर हो. गोठलेल्या तळ्यावर गाडी घालायची तर स्वच्छ, घट्ट बर्फ निदान पाच ते सात इंच जाड हवा असं तिकडचे जाणकार सांगतात. जिथे खालून प्रवाह वाहतो तिथे त्या मापावरही विसंबू नये. शंका आली तर काठाने जा. मोजणारा माणूस ठरलेला असावा, आणि त्याने नाही म्हटलं तर तिथे मतदान नको.

आणि दारू. राईड संपून गाडीची किल्ली खुंटीला लागेपर्यंत कुणीही घ्यायची नाही. रात्री कॉटेजवर काय करायचं ते करा. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाक, म्हणजे पुढे कुणा एकावर बोट दाखवल्यासारखं होत नाही.

हिशेब भिंतीवर

गावात देवळाचा उत्सव झाला की जमाखर्च वाचून दाखवतात. वर्गणी सव्वा रुपया असो की सव्वा लाख, वाचायचा म्हणजे वाचायचा. पैशावरून मोडलेली मंडळं मी पुष्कळ पाहिली, आणि त्यांतल्या थोड्यांतच कुणी खरोखर खाल्लं होतं. बाकीच्यांत फक्त सांगायचं राहून गेलं होतं. तू दर राईडनंतर दोन दिवसांत सगळ्यांना आकडे पाठव. पेट्रोल इतकं, जेवण इतकं, शिल्लक इतकी. पैसे दोघांच्या सहीने काढायचे. उधारी ठेवायची नाही, जावयाचीसुद्धा.

फोनवर कामाचं, भेटीत बाकीचं

तुमचा सगळा कारभार फोनवर चालणार, ते टळत नाही. पण तिथे वार, वेळ, ठिकाण, हवामान आणि हिशेब एवढंच असू दे. सुप्रभातीची फुलं आणि राजकारण सुरू झालं, की कामाचा निरोप त्याखाली गाडला जातो. कुणाची चूक सर्वांदेखत लिहू नकोस. फोन कर, जमलं तर घरी जा. लिहिलेलं वाचताना माणूस आपल्याच रागाचा सूर त्याला लावतो. वाद चिघळला तर दोघांना एकाच कामाला जुंप. कुंपण घालताना एकाने खांब धरल्याशिवाय दुसऱ्याला घाव घालता येत नाही.

आसपासच्या गावाच्या उपयोगी पड

या गाडीचा इतिहास तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवा. क्यूबेकच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए याचं पोर १९३४ च्या हिवाळ्यात दगावलं. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेणार कसं? बर्फावर चालणाऱ्या गाडीची त्याची खटपट आधीपासून होतीच, ती त्याने नेटाने तडीस नेली. सात माणसांची बर्फगाडी आधी, आणि मौजेची छोटी 'स्की-डू' १९५९ साली. मौज मागून आलेली आहे, हे गटातल्या पोरांना सांग.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, घरांवरची कौलं-पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. एक पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, तेव्हा काय गेलं ते तूच समज. त्या वेळी आमच्याकडे राहून गेलेल्या पाहुण्यांचे फोन आले, कुणी ताडपत्री पाठवली, कुणी पैसे. वर्षाकाठी दोन दिवस येणारी माणसं होती ती. तुमच्या भागात हिमवादळ झालं आणि एखादी म्हातारी एकटी अडकली, तर तिचं औषध पोचवायला तुमच्या गाड्या हव्यात. त्यासाठी तिथल्या अग्निशमन दलाकडे गटाची नावं आणि नंबर आधीच देऊन ठेव. आगाऊपणाने परस्पर निघू नका, पण बोलावलं तर तयार असा.

खरी परीक्षा पावसाळ्यात

जूनमध्ये आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर काळं कुत्रं फिरकत नाही. पण टोपल्या वाळवून माळ्यावर गेलेल्या असतात, दिवाळीच्या सुमारास कुंपणाची जाळी तपासायची असते, नव्या पोरांना माग ओळखायला शिकवायचं असतं. मादीच्या वल्ह्यांचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो, जाताना वेगळा आणि येताना वेगळा. हे ऐन हंगामात शिकवायला सवड नसते.

पाहुण्यांशी धागा कसा टिकवायचा तेही सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये वनविभागाच्या कांदळवन कक्षाने आणि भारतीय वन्यजीव संस्थेने कोकणातल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. वेळासची 'प्रथमा', आंजर्ल्याची 'सावनी'. कासवाला नाव मिळालं आणि सगळं बदललं. पाहुणे घरी गेल्यावरही फोन करून विचारू लागले, "सावनी कुठे पोचली?" हंगाम संपला तरी बोलायला विषय उरला.

तुमचा बर्फ चार महिने. उरलेल्या आठ महिन्यांत गट जगला तर जगला. उन्हाळ्यात एकदा सगळ्यांची घरच्यांसह वनभोजनाची भेट. सप्टेंबरात गाड्यांची तपासणी, एकाच्या गॅरेजात सगळ्यांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्थानिक क्लबाबरोबर झुडपं तोडणं आणि फलक लावणं. या तीन गोष्टींना जो येतो तो गटाचा माणूस. फक्त बर्फ पडल्यावर उगवतो तो पाहुणा. पाहुण्याचाही मान ठेव, पण निर्णय त्याला विचारून घेऊ नकोस.

वाढायची घाई नको, सोडायची तयारी हवी

पुण्याची 'गिरिप्रेमी' संस्था १९८२ पासून सह्याद्रीतले कडे चढत होती. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिचे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले ते २०१२ मध्ये. मधली तीस वर्षं वाया गेली असं कुणी म्हणेल का?

एका राईडला दहा-बाराच्या वर गाड्या नकोत. मागच्याची बत्ती पुढच्याला दिसेनाशी झाली की गट मोठा झाला असं समज. मग दोन तुकड्या कर आणि दुसरीचं नेतृत्व दुसऱ्याला दे. दूरच्या गावातल्या मंडळींना वेगळा गट काढायचा असेल तर रुसू नकोस, आपली यादी, आपले नियम, आपल्या चुका त्यांना देऊन टाक. वेळासने कासवं स्वतःपुरती ठेवली असती तर आंजर्ल्याला आज काही मिळालं नसतं.

आणि तीन वर्षांनी अध्यक्षपद सोड. तू नसताना एक राईड नीट पार पडली की समज, गट उभा राहिला.

आता एवढंच कर. यंदा पहिला बर्फ पडायच्या आधी तिथल्या क्लबाकडे जा आणि फलक लावायला दोन शनिवार दे. जाताना ओळखीच्या चौघांना विचार. जे येतील तोच तुझा गट. नाव नंतर ठेव.